जाड दात, बारीक दात

दसऱ्यानंतरचा सोमवार, संध्याकाळ

पूर्णगडच्या चढावर आज चेन तीनदा उतरली. डोकंच फिरलं. सायकल ढकलत थेट नानांच्या दुकानात. गेल्याच आठवड्यात त्यांनी नवी चेन घातली होती. पुढे एकच चक्री, तिचा एक दात जाड, एक बारीक. जाड दात चेनच्या रुंद कडीतच बसायला हवा, आणि हा अरुंद कडीत! चार माणसांसमोर एकेरीवर आलो. "एवढं कळत नाही तर दुकान कशाला उघडलंस?"

नाना एवढंच म्हणाले, "मी नीट बसवलेली. घरात कोणी हात लावलान काय रे?"

माझ्या सायकलीला घरात कोणी हात लावत नाही, असं ठणकावून आलो.

घरी बघतो तर चक्रीच्या बोल्टमागे झेंडूची पाकळी अडकलेली. बाबा खुशीत म्हणाले, "खंडेनवमीला मीच चेन उतरवून धुतली, पूजेला. कशी चकाकतेय बघ!"

जाड दात, बारीक दात, त्यांना काय ठाऊक? "छान झालीय," म्हणालो. ज्याने चूक केली नाही त्याला शिव्या, ज्याने केली त्याला शाबासकी. नालायक आहे मी!

उद्या नानांकडे जायचं. दुकानात चार माणसं जमेपर्यंत थांबायचं, मगच तोंड उघडायचं.