मॅडमच्या प्रोग्रॅममधला नाना

१ एप्रिल

निवृत्त कर्मचारी संघाच्या सेक्रेटरीचा फोन. मॅडमना जाऊन वर्ष होतंय. चोवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता संघाच्या खोलीत आठवणींचा कार्यक्रम. मी बोलावं असा खास आग्रह. (सगळ्यांनाच फोन केलेत म्हणे. पण माझ्याशी बोलताना आवाज वेगळा होता.)

मॅडम म्हणजे आमच्या वेधशाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हवामान शिकवणारी बाई. मशीन खोलीएवढं आणि पुढ्यात पाच फुटी मॅडम. रोजच्या तापमानाचा हिशोब ठेवणारा पहिला प्रोग्रॅम त्यांनी एकटीने लिहिला. एकटीने म्हणजे, मी होतोच. सकाळी आठला तापमान वाचायचं, वहीत लिहायचं आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवायची, ही जबाबदारी माझी. उजवा हात म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आणखी एक गोष्ट जगाला माहीत नाही. त्या प्रोग्रॅमच्या एका भागाला मॅडमनी माझं नाव दिलं होतं. नाना. (बाविसाव्या वर्षीच ऑफिसात सगळे मला नाना म्हणत, यावरून वकूब कळावा.) कार्डं पंच करणाऱ्या बाईंनी एकदा जाताजाता सांगितलं होतं. मी मॅडमना कधी विचारलं नाही. मोठेपणा विचारून घ्यायचा नसतो.

चोवीस तारखेला हे जाहीर करणार. भाषण उद्यापासून लिहायला घेणे.

३ एप्रिल

भाषण झालं नाही. जावई आले.

लेक, जावई आणि चार वर्षांची नात महिनाभर मुक्कामाला. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, म्हणे राहवत नाही इतकं तापतं. मी म्हटलं, बांधकामात खोट आहे. जावई म्हणाले, नाना, हवामानच बदललंय. ते पाणीपुरवठा खात्यात आहेत, तलावाची पातळी मोजतात. आता तलाव मोजणाऱ्याने आकाशावर बोलावं का? मी छत्तीस वर्षं वेधशाळेत काढली. त्यातली पहिली तीन तर थर्मामीटरसमोर. नंतर स्टोअरला बढती मिळाली.

जावई असल्यामुळे स्पष्ट बोलता येत नाही. तरी पाऊण तास बोललो.

४ एप्रिल

ही म्हणते कूलर घ्या, नातीला घामोळं आलंय. तत्त्वाचा प्रश्न आहे. कूलर घेणं म्हणजे जावयांना लेखी कबुली देणं. नातीला पावडर आणली.

५ एप्रिल

निर्धार. थर्मामीटर विकत आणून गॅलरीत टांगला. उद्यापासून रोज सकाळी ठीक आठ वाजता नोंद. महिनाअखेर आकडे जावयांसमोर ठेवायचे. शास्त्राला शास्त्राने उत्तर.

६ एप्रिल, सकाळी ८

(म्हणजे दहा वीस. डोळा लागला.) तापमान ३४. आठला असतो तर किती असतं याचा अंदाज घेऊन २९ लिहिलं. हा अंदाज कुणालाही जमणार नाही. त्याला मुरावं लागतं.

७ एप्रिल

३३. गॅलरीची भिंत तापते. थर्मामीटर बाथरूमच्या खिडकीत हलवला.

१० एप्रिल

तीन दिवसांच्या नोंदी राहिल्या होत्या. आज बसून भरून काढल्या. २८, २९, २८. वळणदार अक्षरात छान दिसतात.

भाषणाचं पहिलं वाक्य तयार: “मी आणि मॅडम.” पुढे सुचेना. इतक्या आठवणी असल्या की असंच होतं.

१२ एप्रिल

ही आणि नात फरशीवर ओला पंचा टाकून झोपतात. मी पलंगावर झोपतो. कुणीतरी ठाम राहिलं पाहिजे.

१४ एप्रिल

विजय! माळ्यावर माझ्या जुन्या नोंदवह्यांच्या नकला सापडल्या. जावयांना मोबाइलवर वेधशाळेचा आजचा आठचा आकडा बघायला लावला. २९.७. मग माझी वही उघडली. त्रेचाळीस वर्षांपूर्वी, हीच तारीख, आठ वाजता: २९.८. मी नुसता बोट ठेवून उभा राहिलो. जावई बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, नवल आहे. दुसरं म्हणणार काय?

हिला सांगितलं. ती म्हणाली, मग आता कूलर घ्यायला हरकत नाही.

वह्यांबरोबर एक घबाडही मिळालं. दोन्ही कडांना भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदाचं बाड. मॅडमचा अख्खा प्रोग्रॅम, छापील. बदलीच्या दिवशी त्यांनीच माझ्या हातात दिला होता. म्हणाल्या होत्या, कधीतरी वाचा. मी वाचला नाही, कारण मला तो जवळजवळ पाठच होता.

चोवीस तारखेला पहिल्या अर्ध्या भागात मॅडमची थोरवी, दुसऱ्या अर्ध्यात माझ्या वहीच्या आधारे हवामानबदलाचा निकाल. जावयांनाही आमंत्रण दिलं.

१६ एप्रिल

लेक प्रोग्रॅम लिहिण्याचंच काम करते. तिला बाड दिलं. म्हटलं, नाना नावाचा भाग शोध आणि चार सोप्या वाक्यांत लिहून दे, भाषणात वाचून दाखवतो. तिने हसत घेतलं. म्हणाली, नाना, तुमचं नाव खरंच आहे की हो! ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण असं कौतुकाने तिने पहिल्यांदाच बघितलं.

१७ एप्रिल

लेक काही बोलली नाही. विचारलं तर म्हणाली, अजून वाचतेय. माझ्या नावाच्या भागाची पानं तर दोनच आहेत.

१८ एप्रिल

काही नाही.

२० एप्रिल

लिहितो. इथे कोण वाचतंय.

लेकीने काल दार लोटून घेतलं आणि समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं. नाना हा भाग एकच काम करतो. माझ्या वहीतला आकडा घेतो आणि त्यातून वजाबाकी करतो.

मॅडमनी बाजूला टिपाही लिहून ठेवल्यात. वहीत वेळ आठ. तापमानाची रेघ आपोआप कागदावर ओढणारं यंत्र शेजारीच होतं, ते बघता नाना प्रत्यक्षात येतात सव्वानऊला. तोवर ऊन चढलेलं असतं. वजा १.४. पुढच्या वर्षी वजा १.९. तिसऱ्या वर्षी २.३, आणि नोंद: रविवारचे आकडे घरी बसून लिहिलेले दिसतात, धरू नयेत. मग माझी स्टोअरला बदली. तिथून पुढे शून्य.

मी म्हटलं, मॅडम एवढ्या हुशार, मग वर का कळवलं नाही? लेकीने शेवटची ओळ दाखवली. मॅडमनी लिहिलं होतं: नानांशी दोनदा बोलायला गेले, त्यांनी दोन्ही वेळा चहा मागवला. नोकरी नवी, आई अंथरुणाला. माणूस बदलण्यापेक्षा वजाबाकी सोपी.

आई अंथरुणाला होती हे खरं. सकाळी तिचं सगळं आवरून निघेपर्यंत वाजायचेच. पण सव्वानऊ नाही. तेवढं नाही. पावणेनऊ.

नऊ.

२१ एप्रिल

हिशोब करून बघितला. ती वही माझ्या दुसऱ्या वर्षाची, म्हणून २९.८ वजा १.९. म्हणजे २७.९. आज २९.७. वाढ १.८. जावयांचंच म्हणणं खरं निघतं.

थर्मामीटर काढून ठेवला.

२२ एप्रिल

भाषणाला जायचं नाही असं ठरवलं. पोट बिघडलंय असं सांगायचं. सेक्रेटरीला फोन केला, तो म्हणाला, नाना तुमच्याशिवाय शोभा नाही. मग पोट सुधारलं.

२३ एप्रिल

नवा निर्धार. चारचौघांत उभं राहून सगळं खरं सांगून टाकायचं. चार पानं एका बैठकीत लिहून झाली. आयुष्यात पहिल्यांदा लिहिताना अडलो नाही. लेकीला वाचून दाखवली. तिने डोळे पुसले, मीही. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुक वाटलं. असं कोण कबूल करतं हो?

२४ एप्रिल

पावणेपाचला पोहोचलो. खोलीत एकच पंखा, तो कुरकुरत होता. मॅडमचा फोटो, त्यावर हार. आम्ही नऊ जण, अधिक जावई. सगळे घामाने निथळत होते आणि उन्हाळ्यात एवढं व्हायचंच असं एकमेकांना सांगत होते.

पहिला लंबू उठला. सकाळचा मी, तसा दुपारचं तापमान वाचणारा लंबू. आता काठी घेऊन चालतो. म्हणाला, आज एक गुपित सांगतो. मॅडमच्या प्रोग्रॅमच्या एका भागाला माझं नाव होतं.

मी खुर्ची घट्ट धरली.

टाळ्या पडल्या. मग पाऊस मोजणारे मामा उठले. म्हणाले, लंबूने सांगितलंच आहे म्हणून, नाहीतर बोलणार नव्हतो. माझंही नाव होतं. वाऱ्याचा वेग लिहिणारे पैलवान उठले. त्यांचंही. ढग बघणारे दोघे होते, दोघांचंही. पैलवानांना तर रडूच आलं. मॅडमचा आपल्यावर जीव होता म्हणाले.

सगळे इतके खूश दिसत होते. सत्तरी ओलांडलेली माणसं, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखी एकमेकांकडे बघत होती. नावाचा अर्थ खोलीत फक्त मला ठाऊक होता. आणि जावयांना, लेकीने सांगितलं होतं. ते खाली मान घालून बसले होते.

माझा नंबर आला. चार पानं खिशातून काढली. फोटोकडे बघितलं. तीस वर्षं ही बाई संध्याकाळी एकटी बसून आमच्या सगळ्यांच्या थापा एकेक करून वजा करत होती. आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला नमस्कार करत होती. मला फार वाईट वाटलं. कुणाला सांगता येणार नाही इतकं.

म्हणालो, माझंही नाव होतं. आणि खाली बसलो.

दहा मिनिटांचं भाषण अर्ध्या मिनिटात झालं. टाळ्या सगळ्यांइतक्याच पडल्या. लंबूने माझा हात हातात घेऊन ठेवला, कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. चार पानं खिशात घामाने भिजली, अक्षर फुटलं.

२५ एप्रिल

सकाळी कूलर आणला. नात समोर बसून आ करून वारा खात होती.

संध्याकाळी जावई ऑफिसातून आल्यावर गॅलरीत त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, तुमचं बरोबर होतं. हवामान बदललंय. माझं चुकलं. सासऱ्याने जावयाला असं म्हणायचं म्हणजे थोडी गोष्ट नाही. आता ते खूश होतील, निदान संकोचाने हसतील, म्हणून वाट बघितली.

ते हसले नाहीत.  मग म्हणाले, नाना, खरं सांगू का, दिवसभर मी तलावाची पट्टी बघतो. रोज पाणी खाली. घरी आलं की तुम्ही म्हणायचात, काही होत नाही, सगळं पूर्वीसारखंच आहे. मी भांडायचो. पण मनात यायचं, नानांनी छत्तीस वर्षं त्यात काढलीत, असेलही त्यांचं खरं. त्या दिवशी तुम्ही वही दाखवलीत ना, त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली होती.

 आत नात कूलरपुढे गाणं म्हणत होती.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी कमी असेल बघा उन्हाळा.

जावई म्हणाले, हो. आजवर माझ्या एकाही वाक्याला ते नुसतं हो म्हणाले नव्हते.