रविवारी खेळणी न विकणारा देश

अब्बा, तुमचा तो रविवारचा कायदा खरा निघाला. तुमच्या नातवाने मोबाइलवर शोधून मला पाठवला. तुमचं जहाज लागलं होतं त्या अमेरिकेतल्या राज्यात खरंच तेव्हा शनिवारी विकलेली वस्तू लगेच रविवारी विकता येत नसे, म्हणून दुकानदार रविवारी झाकून ठेवत. भांडी, चादरी, घड्याळं, मोटारगाड्या आणि खेळणीसुद्धा. मी ते वाचलं आणि गॅस बंद करून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडले. कायद्याचं वाचून रडणारी रत्नागिरी जिल्ह्यातली मी पहिलीच बाई असेन, कोर्टातल्या सोडून. पण आयुष्यभर मी सगळं उलटं धरून बसले होते, अब्बा. मला वाटायचं, तुम्ही अमेरिकेत फिरून आलात हे खरं आणि रविवारचा कायदा ही बाहुली न आणल्याची थाप. निघालं ते बरोबर उलटं.

तुम्ही त्या फेरीवरून आलात तो दिवस मला अजून दिसतो. पडवीत तुमची बॅग उघडलेली आहे. तिच्यातून साबणाच्या वड्या निघतात, कॉफीचा डबा निघतो, जहाजावरची एक राखाडी कांबळ निघते. मी वाट बघत उभी आहे. डोळे मिटणारी बाहुली आणीन असं तुम्ही जाताना कबूल केलेलं. बॅग रिकामी झाली, तुम्ही ती उलटी करून झटकलीसुद्धा, आणि मग मला मांडीवर घेऊन अगदी गंभीरपणे म्हणालात, "त्या देशात रविवारी खेळणी विकत नाय गो. विकलान तर पोलीस धरतात." मी लगेच विश्वास ठेवला. आतून अम्मीचा आवाज आला, "तुमच्या अमेरिकेत आठवडाभर रविवारच असतो वाटतं." तुम्ही हसलात. ती हसली नाही. माझा धाकटा भाऊ जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते, आणि तो गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा घरी आला होतात.

मग ते कायदे तुमच्या बोलण्यात कायमचे येऊन बसले. तुम्ही जहाजावरचे भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, आणि सुट्टीवर असलात की संध्याकाळी जेटीजवळच्या दुकानाच्या बाकावर तुमचा दरबार भरायचा. लोण्यासारख्या दिसणाऱ्या वनस्पती तुपाला पिवळा रंग द्यायला एका राज्यात कशी बंदी होती, हे तुम्ही स्वयंपाक्याच्या रागाने सांगायचात. मागच्या खिशात आइस्क्रीमचा कोन घालून फिरलं तर गुन्हा, हा तुमचा हुकमी कायदा. (तो मात्र कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, असं तुमचा नातू म्हणतो. तुम्हाला कुणीतरी टोपी घातली.) मासळी घेऊन आलेली माणसं टोपली बाजूला ठेवून ऐकायची. पुढे मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा शेवटच्या तासाला पेंगणाऱ्या पोरांना जागं करायला मी तुमचेच कायदे वापरले. पोरं खिदळायची. मग मी फळ्यावर लिहायची, कायद्यापुढे सगळे समान, आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची.

अम्मी मात्र ते कायदे सुरू झाले की उठून आत जायची. का, ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. धाकट्याला घटसर्प झाला तेव्हा तुम्ही समुद्रात होतात. दोन दिवसांत सगळं आटोपलं. तार मुंबईला कंपनीत गेली, तिथून जहाजावर. आणि नंतर एका दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यातून माणूस धावत आला, अमेरिकेतून फोन आलाय म्हणून. गावात फोन तेवढा एकच. अम्मी अनवाणी धावली, मी तिच्या मागे. तिने रिसीव्हर कानाला लावला आणि तुमचं नाव घेऊन हंबरडा फोडला. पलीकडून कुणीतरी परका पुरुष इंग्रजीत बोलत होता. डॉक्टरांनी फोन घेतला, हो-हो केलं आणि आम्हाला सांगितलं, "तुमच्या मिस्टरांना फार दुःख झालंय. पण ते फोनवर येऊ शकत नाहीत." अम्मीने विचारलं, "आजारी हायत काय?" डॉक्टरांनी विचारून सांगितलं, "नाही, तब्येत चांगली आहे." आणखी काही विचारायच्या आत लाइन तुटली. अम्मी बाकावर बसली. डॉक्टर पाणी देत होते ते तिने घेतलं नाही.

तिथून ते सुरू झालं. पोटचा पोर गेला आणि तुझ्या बापाने एका गोऱ्याला बोलायला लावलान, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन. ती तुमच्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तुमचं सगळं केलं, तुमच्या आवडीची बांगड्याची कढी केली, तुमच्या छातीत पाणी झालं तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली. फक्त त्या फोनच्या जागेवर तिने एक दार लावून घेतलं. एकदाच, मी बारावीत होते तेव्हा, तिने तुम्हाला समोरासमोर विचारलं होतं. "तिथे काय कैदेत होतात?" तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "नाय. काम होतं." मी तेव्हा तुमचा चेहरा बघायला हवा होता, पण मला अभ्यासाचं सोंग करायचं होतं. तुम्ही गेलात त्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली. अम्मी इद्दतीचे चार महिने दहा दिवस घराबाहेर न पडता बसली, तिने सगळं रीतसर केलं, आणि ते वाक्य मात्र तिने जपून ठेवलं.

आता नातवाचं ऐका. तो तुमच्यासारखाच जहाजावर आहे, पण इंजिनात, इस्त्रीचे कपडे घालणारा. गेल्या महिन्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे क्रेन, टाक्या, पांढरं ऊन. अमेरिकेत पोचलो म्हणाला. मी म्हटलं, मग जरा फिरून ये, आजोबांची अमेरिका बघून ये. तर हसून म्हणतो, "मम्मी, कुठलं फिरणं? खाली उतरू देत नाहीत. शिडीपाशी पहारेकरी बसवलाय." मला काहीच कळेना. तुम्ही पोरांनी काय गुन्हा केलात, मी त्याला विचारलं. "काही नाही गं. जहाज दुसरीकडे जाणार होतं, मध्येच इकडे वळवलं. आमच्यातल्या काहींकडे व्हिसा नाही. व्हिसा नसला की जहाजावरच राहायचं, तसा कायदाच आहे त्यांचा. जुना आहे." मी विचारलं, जुना म्हणजे किती जुना? तो म्हणाला, "आजोबांच्या वेळेलाही असणार."

फोन ठेवल्यावर मी तुमची अमेरिका पुन्हा सगळी आठवून काढली. केस कापायच्या दुकानाबाहेर फिरणारा लाल-पांढरा खांब. लांबून येणारी आगगाडी, तिचे डबे मोजता मोजता संपत नाहीत अशी. पिवळी बस, तिच्यातून उतरणारी शाळेची पोरं. सगळं बघितलेलं, अब्बा. कशालाही हात लावलेला नाही. तुम्ही स्वयंपाकी माणूस, मंगलोरला गेलात तरी तिथल्या आमटीत काय घालतात ते विचारून यायचात, आणि अमेरिकेत काय खाल्लंत ते तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. एवढी वर्षं माझ्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पावसच्या बाजूला राहणाऱ्या चाचांकडे गेले. तुमच्या त्याच जहाजावरचे तेलवाले, इंजिनाला तेल घालणारे. आता ऐकू कमी येतं, पण आठवण लख्ख आहे. मी विचारलं तशी त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "उतराची परवानगी नव्हती पोरी. कुणालाच नव्हती. कागद नव्हते आमचे. तार आली तेव्हा धक्क्यावर समोर टेलिफोनचा डबा दिसत होता. इथून त्या विहिरीएवढा लांब. तुझा बाप कठड्याला धरून त्या डब्याकडे बघीत उभा. मग पहारेकऱ्यासमोर हात जोडलान. तो बोल्ला, तुला सोडला तर माझी नोकरी जाते आणि जहाजाला दंड होतो. रडला तो पण. तुझा बाप त्याला रोज जेवायला घालायचा ना. मग बोल्ला, नंबर दे, घरी जाऊन मी लावतो."

तो गोरा नव्हता, अब्बा. तेही चाचांनीच सांगितलं. काळा, वयस्क माणूस होता, आणि त्याच्या लहानपणी कुठल्या नळावर पाणी प्यायचं तेसुद्धा त्याला कायदा सांगायचा. तुमचे सगळे गमतीचे कायदे त्याचेच. शिडीच्या तोंडाशी खुर्ची टाकून, तुमच्या हातचं जेवता जेवता, तुमचं मन रमावं म्हणून तो ते सांगत बसायचा. तिथल्या शेवटच्या रविवारी तुम्ही त्याला बाहुली आणायला सांगितलीत, आणि आज दुकानं विकणार नाहीत असं तो म्हणाला. सोमवारी सकाळी जहाज सुटलं. मी चाचांना विचारलं, अब्बांनी घरी हे का नाही सांगितलं? ते म्हणाले, "मी बोल्लो होतो, भाभीला सांग. तर बोल्ला, काय सांगू? पोर गेला तेव्हा बाप कैदेत होता, असा सांगू?"

मला तुमचा राग आला. खरंच आला. एवढ्याशा लाजेपायी तुम्ही अम्मीला चाळीस वर्षं जाळलंत आणि स्वतःही जळत राहिलात. बाकावरच्या लोकांना अमेरिकेत फिरलेला माणूस हवा होता, मान्य. पण घरात बायकोला एवढं सांगता येत नव्हतं? परतीच्या एसटीत मी तुमच्याशी पालीच्या बाजारातल्या बाईसारखी भांडले, मनातल्या मनात. घर येईपर्यंत राग उतरला आणि नुसतं वाईट वाटायला लागलं, ते अजून वाटतंय.

अम्मीला मी पडवीत बसवून सगळं सांगितलं. ती आता खूप वाळली आहे, चटईवर बसली की लहान मुलीएवढी दिसते. मी थांबले तेव्हा तिने पहिलं विचारलं, "डबा किती लांब होता?" मी म्हटलं, चाचांच्या विहिरीएवढा. ती म्हणाली, "म्हणजे दिसत होता." मी म्हटलं, हो. मग चटईची कड सरळ करत, "त्या माणसाला जेवायला घालायचे?" मी म्हटलं, रोज. "बरा केलानी," ती म्हणाली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. तुमच्याविषयी 'केलान' न म्हणता असं मानाने 'केलानी' म्हणताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी तिने चाचांना बोलावून घेतलं. आम्ही रिक्षाने कब्रस्तानापर्यंत गेलो. आपल्याकडे बायका आत जात नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. अम्मी बाहेर चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीला, गडग्याला, हात टेकून उभी राहिली. तुमची जागा तिथून दिसते, आंब्याच्या पलीकडे. मी म्हटलं, अम्मी, आत जा हवं तर, कोण बघतंय? ती नको म्हणाली. चाचा काठी टेकत आत निघाले तेव्हा तिने त्यांना हाक मारून थांबवलं. "त्यांना सांगा," ती म्हणाली, "फोन पोचला."

चाचा तुमच्यापाशी वाकून काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. हे पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं, बरंचसं लिहून झालेलं. ते चाचांच्या हाती देऊन तुमच्या उशाशी ठेवायला सांगावं असा माझा बेत होता. मी पर्स उघडली आणि बंद केली. आपल्या घरातलं एक बोलणं एकदा परक्या तोंडून झालं, ते पुरे. आणि एक कबूल करते, अब्बा. काल शेजारची पोरं विचारत होती, तुमचे अब्बा खरंच अमेरिकेत गेले होते का. मी म्हटलं, गेले होते, सगळीकडे फिरले, फक्त रविवार होता म्हणून बाहुली मिळाली नाही.