मोटारीची आंघोळ

ता. ४ आक्टोबर १९२७, मंगळवार. खंडेनवमी.

मोटार बंद. सकाळी लोंढ्याहून आमच्या सुप्यापर्यंत न कुरकुरता आली आणि देवळासमोर पूजा झाल्यावर पुन्हा सुरूच होईना. हँडल मारून मारून मा.चा सदरा भिजला. (मा. म्हणजे मालक, आमचे हे. नाव घ्यायचं नाही असा रिवाज. एक अक्षर घेतल्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही.) शेवटी बैल जुंपून घरी ओढत आणली. मोटारीपुढं बैल! सगळा बाजार दात काढून बघत होता.

मी तिथंच सांगितलं होतं. गाडी इतक्या लांबून आलेली, आत हात लावला तर फोड येईल एवढी तापलेली. गुरवानं पुढचं झाकण उघडायला लावलं. "आज समद्या लोखंडाला आंगूळ." मी म्हटलं, जरा निवू द्या. त्यावर थोरले गावकर, ज्यांना विचारल्याशिवाय देवळात पान हलत नाही, ते म्हणाले, "लोखंडाला कसला ताप येतोय, वयनी?" आणि विहिरीच्या गार पाण्याच्या घागरी आत रिकाम्या. वाफच वाफ. मग खोबरेल, हळद, कुंकू. इंजिनात ठिणगी पाडणारे ते चार प्लग, चिनीमातीच्या पांढऱ्या मानेचे. गुरवाला ते फारच आवडले. एकेकाला बोट लावलं.

उद्या वाळेल म्हणतायत. बघू.

ता. ५, बुधवार. दसरा.

वाळली नाही.

सोनं द्यायला जो येतो तो आपट्याचं पान हातात ठेवता ठेवता विचारतो, काल चाक कुणी धरलं होतं? मी. वेशीपासून देवळापर्यंत मीच आणली. लपवलं नव्हतं, लपवणारही नाही. बेळगावचा ड्रायव्हर हिवतापाला भिऊन पळाला, तेव्हा उन्हाळ्यात माळावर मा.नीच मला शिकवलं. म्हणाले होते, घरात दोघांना यायला पायजे. तेव्हा केवढं कौतुक! आज पाहुण्यांपुढं पानाचा डबा चाळत बसले होते.

"बाईमाणसानं नवमीला चाक धरलं, देवी कोपली." दिवसभर हेच.

जाऊबाई, म्हणजे अक्का, स्वैपाकघरात म्हणाल्या, "तू गप ऱ्हा गं. चार दिस बोलत्याल, इसरत्याल." अक्कांचं माझ्यावर खरंच प्रेम आहे, पण गप्प राहणं मला माहेरी कुणी शिकवलंच नाही.

ता. ७, शुक्रवार.

कौल लावला. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. बायकांनी बाहेर थांबायचं. मी दाराशी उभी होते.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "आई, बाईचा हात लागला म्हणून झालं काय?" बराच वेळ काही नाही. मग उजवी पडली. सगळ्यांनी हुश्श केलं.

निकाल असा: मी देवीपुढं नारळ ठेवायचा आणि बोलायचं की पुन्हा मोटारीला शिवणार नाही. दिवाळीच्या आत. नाही ठेवला तर आमच्या मोटारीत कुणी बसणार नाही, आमच्या व्यापाराची हिरड्याची पोती कुणी चढवणार नाही, आणि देवळाच्या मंडपात मा.ना मानाची पान-सुपारी नाही.

माझं देवीशी काहीच भांडण नाही. तिला जे विचारलं त्याचं तिनं उत्तर दिलं. मी दारातूनच ओरडले, "पाण्याचं इचारा की! गार पाणी वतलं त्याचं!" गुरवानं गावकरांकडं बघितलं. गावकरांनी छताकडं. मा. स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते, जसा काही तो आजच उगवलाय.

नारळ ठेवणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन कच्चं झालं तर वाचता येईल.

ता. ८, शनिवार.

मा. पहाटेच बेळगावला, मिस्त्री आणायला. मी मोटारखान्यात.

ड्रायव्हर करायचा ते बघून ठेवलेलं होतं. पान्यानं चारही प्लग काढले. तीन प्लगांच्या मानेला केसाएवढी भेग, भेगेत कुंकू-तेलाचं काळं. वायरींच्या सुती कापडानं पाणी पिऊन फुगवटा धरलेला, आतलं रबर मऊ. त्यातला एक प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला. अक्कांना म्हटलं, फिरवा हँडल. प्लग काढलेले असले की हलकं फिरतं. ठिणगी पडायला हवी खाली टोकाशी, ती वर भेगेतूनच लोखंडाकडं उडी मारत होती. टोकाला काही नाही.

म्हणजे ठिणगी आहे, वाटेतच गळते. फुटक्या घागरीनं पाणी आणावं तसं. देवी कोपली असती तर ठिणगीच राहिली नसती.

वायर सरळ करायला गेले तर कोपरापर्यंत असा झटका! अक्का "अय्यय्यो, देवी!" करून अंगणात. मी म्हटलं, "देवी न्हाई ओ, वीज." भीती वाटली. खोटं कशाला लिहू? पण राग जास्त होता.

दुपारी गावकर रस्त्यानं जाताना दिसले. हाक मारून म्हटलं, या, डोळ्यानं बघा काय झालंय. ते थांबले, हसले.

"मी बघून काय करू, वयनी? देवीनं बघितलंय न्हवं."

ता. ११, मंगळवार.

मा. आले. मिस्त्री नाही. "सुप्याच्या हिवतापात? मला बायकापोरं हाईत," म्हणाला. आमची काय इथं भुतं राहतात? चार प्लग आणि वायरीचं वेटोळं तेवढं आणलंय. मा.ना हँडल मारता येतं, चाक फिरवता येतं. पाना हातात दिला की माणूस सुतकात बसल्यासारखा बसतो.

मी म्हटलं, मी बसवते.

सुपारी कातरता कातरता म्हणाले, "दार लावून कर."

"दार उघडंच राहणार."

"अगं, गावात ऱ्हायचं हाय आपल्याला."

"मलाबी इथंच ऱ्हायचंय."

ता. १३, गुरुवार.

झालं! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

दार सताड उघडं. जाणारे येणारे माना वळवून जात होते. जुन्या वायरी काढायच्या आधी एकेकीला रंगीत दोरा बांधला, कोणती कुठल्या प्लगची ते कळावं म्हणून. जुन्या वायरीशेजारी नवी धरून कापली, टोकं सोलून पितळी कड्या बसवल्या, दोरे नव्या वायरींवर घेतले. प्लगची भोकं पुसली, नवे हातानं फिरवत बसवले, शेवटचा पीळ पान्यानं. जोर लावला नाही. नवी चिनीमाती, ती पण रुसायची.

मा.नी हँडल मारलं आणि धाडकन बार! हँडल उलटं आलं, त्यांचं मनगट थोडक्यात वाचलं. कोंबड्या मागच्या परड्यात, अक्का देवघरात. रस्त्यावरून कुणीतरी म्हणालं, "बघा, सांगत हुतो."

चूक माझीच. दोऱ्यांतला हिरवा आणि निळा, दोन्ही तेलात माखून सारखेच काळे दिसत होते, त्या दोन वायरींची अदलाबदल झाली. क्षणभर वाटलं, सोडून द्यावं, ठेवावा नारळ, सुटावं. मग त्या दोन वायरी अदलून बदलून लावल्या आणि मा.ना म्हटलं, मारा. ते म्हणाले, "पुन्हा?" मी म्हटलं, पुन्हा.

सुरू झाली. आधी खोकली, मग लागली सुरात. मी तिथंच रडले. थोडं धुरानंही असेल. मा. माझ्याकडं बघून असे हसले, तसे लग्नातसुद्धा हसले नव्हते.

ता. १४, शुक्रवार.

सकाळी गुरव हार घेऊन आला. मला वाटलं, चला, मानलं. हार मोटारीला घातला, हात जोडले आणि म्हणाला, "आई पावली. नारळ पोचला."

कसला नारळ?

काल उजाडताना मा. देवळात गेले होते. माझ्या नावानं नारळ ठेवला, माझ्या नावानं बोलले. मी इकडं वायरी सोलत होते, आणि तिकडं माझ्या नावानं माझाच हात बांधला जात होता. गाव म्हणतंय, नारळ ठेवला, मोटार सुरू झाली. याहून पुरावा तो कोणता?

मा.ना विचारलं. खाली मान.

"तू चालू केलीस ते मला ठाऊक हाय न्हवं? गावाला कशाला ठाऊक पायजे?"

बार झाला तेव्हा एवढी दचकले नव्हते.

ता. १५, शनिवार.

बोलले नाही. वाढलं, उष्टं काढलं, बोलले नाही. अक्का म्हणतात, "दादला चांगला हाय तुझा. मारत न्हाई, पीत न्हाई." तेही खरंच. तेवढ्यासाठी मी माझे हात देऊ का?

मा. एकटे मोटार घेऊन बाजारात फिरून आले. लोक नमस्कार करत होते म्हणे.

ता. १७, सोमवार.

आज गावकरांना लोंढ्याची आगगाडी गाठायची, मुलाची सोयरीक बघायला बेळगावला. आमचीच मोटार. नवं धोतर, फेटा, बरोबर गुरव. अंगणात बाकावर चहा पीत बसले होते. मा. आत अंगरखा घालत होते.

मी पाना घेऊन मोटारखान्यात गेले, झाकण उघडलं, सगळ्यांदेखत चारही नवे प्लग काढले. जुने, भेगाळलेले, बसवले. घाई केली नाही. गावकरांच्या हातात बशी तशीच. "वयनी, ह्ये काय चाललंय?"

म्हटलं, "माझं काय काम? देवीची मोटार हाय. नारळ पोचलाय. मारा हँडल."

गुरवानं मारलं. मग गावकरांचा गडी. मोटार ढिम्म. मी म्हटलं, "आता लावा कौल. आणि या बारीला नीट इचारा."

आत येऊन बसले आहे, हे लिहिते आहे. प्लग ओच्यात. मा. मागोमाग आले.

"पलग कुठं हाईत?"

"माझ्यापाशी."

"गावकर खोळंबल्यात गं."

"मग देवळात जावा आणि माझ्या नावाचा नारळ उचलून आणा. तुम्ही बोललात, तुम्हीच परत घ्या. समद्यांदेखत. मग प्लग बसवते, आणि लोंढ्यापर्यंत मीच नेते. ज्याला बसायचं त्यानं बसावं."

"आणि न्हाई बसलं कुणी तर?"

"तर मोकळी नेते."

रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेही नाहीत. उंबऱ्याशी उभे राहिले. बाहेरून गावकरांची हाक आली, "शेट, येळ होतोय!" दुसऱ्यांदा आली.

आता वहाणा घालतायत. उंबऱ्यापासूनच दोन्हीकडं वाट फुटते, गावकरांकडं आणि देवळाकडं. मी बसले आहे तिथून फक्त त्यांची पाठ दिसते.