व्यक्त गट, अव्यक्त गट

६ ऑक्टोबर ९३, जळगाव

आज पेपरात माझी बातमी. मथळा: ‘आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या खोकला स्पर्धा लवकरच’. खो-खोचा खोकला. सात वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पुढे बावीस वर्षं वार्ताहरकी केली, त्याचं हे फळ. संपादकांकडे रीतसर तक्रार नोंदवली. म्हणाले, "शास्त्रीबुवा, थंडी येतेय, वाचकांना उपयोगी वाटेल." कंपोझिटर म्हणतो दोष अक्षराचा. माझ्या अक्षराचा! पाठशाळेत गुरुजी माझी वही वर्गभर फिरवीत. घरी सौ.ना दाखवलं. "मग? खोकताच की तुम्ही." या घरात न्याय मिळत नाही.

साक्रीहून अक्काचं पोस्टकार्ड. मंगलचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. खो-खोच्या खान्देश संघात निवड झाली तर दाखला मिळेल, आणि त्यावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येईल. एरवी नाही. ‘बापू, तू त्या मंडळात बसतोस, पोरीकडे लक्ष ठेव.’ ठेवतो. भाची म्हणून नव्हे. खांबाला हात लावून अशी गर्रकन वळणारी मुलगी दुसरी पाहिली नाही मी.

९ ऑक्टो., धुळे

क्रीडा मंडळाची बैठक. मी पत्रकार प्रतिनिधी. खरं म्हणजे इतिवृत्त लिहायला शुद्ध मराठीवाला हवा असतो.

आजवर गट सरळ. जळगावकडची कॉलेजं पूर्व, धुळ्याकडची पश्चिम. सूर्यालाही मान्य. आज धनजीशेठ आले, केबलवाले. जळगाव, धुळे, अमळनेर तिन्हीकडे घरोघर यांची वायर. सामन्यांचं व्हिडिओ शूटिंग करून संध्याकाळी केबलवर दाखवणार, मधे साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती. बदल्यात मंडळाला देणगी: प्रवास, जेवणं, ढाली, सगळं त्यांचं. अट एकच. गट नव्याने पाडायचे.

साक्रीचे सर उठले. "पण गेल्या वर्षी ढाल आम्ही नेली."

शेठ अगदी प्रेमाने म्हणाले, "तुमच्या मुली एक नंबर खेळतात, साहेब. पण साक्रीत आपली वायर नाही. जिथे वायर, तिथे मॅच."

पंधरा मिनिटांत पूर्व-पश्चिम गेलं. वायरवाले एका गटात, साक्री आणि आणखी दोन गावं दुसऱ्यात. सचिव म्हणाले, ‘अ’ आणि ‘ब’ म्हटलं तर ‘ब’वाले चिडतील, शास्त्रीबुवा, काहीतरी भारदस्त सुचवा. मला राहवेना. म्हटलं, "जे दिसणार ते व्यक्त, जे दिसणार नाहीत ते अव्यक्त."

टोमणा होता. शपथेवर सांगतो, टोमणा होता. सगळे ‘वा वा’ करत सुटले. सचिवांनी टाळी दिली. साक्रीच्या सरांनी तेवढं माझ्याकडे पाहिलं. इतिवृत्तात ठराव मीच उतरवला. शुद्ध मराठीत.

१० ऑक्टो.

सकाळी शेठ घरी. केबलवर सामन्याचं निवेदन मी करावं. "तुमची वाणी, शास्त्रीजी!" विचार करून सांगतो म्हटलं. विचार चहा संपेपर्यंत टिकला.

सौ.: "मंगलचं बोललात का त्यांच्याशी?"

पुढच्या वेळी बोलेन.

१९ ऑक्टो.

परिपत्रक छापून आलं. व्यक्त गट, अव्यक्त गट, ठळक टायपात. एकही चूक नाही. खो-खोसुद्धा बरोबर.

२६ ऑक्टो., साक्री

दसरा झाल्यावर अक्काकडे. मंगल मैदानावरून आली, दोन्ही कोपरं सोललेली. पाणीही न पिता परिपत्रक पुढ्यात धरलं.

"मामा, अव्यक्त म्हंजे काय शे?"

सांगितलं. अव्यक्त म्हणजे कमी नव्हे, उलट तेच मूळ. व्यक्त म्हणजे त्यातूनच निघालेला पसारा. सांख्य मत दहा मिनिटं समजावलं. अक्काने पोळी लाटणं थांबवून ऐकलं. मला वाटलं, पटतंय.

मंगल म्हणाली, "मंग मूळ देखाले कोन येईन, मामा?"

अक्का हसली. मीही हसलो. मंगल हसली नाही. नंतर पाटावर बसून विचारलं, नाव कोणी ठेवलं? ‘मंडळाने’ म्हटलं. व्याकरणदृष्ट्या खोटं नाही.

सामने बघायला निवड समिती येईलच, असा शब्द देऊन आलो. कोणाच्या जोरावर दिला, देव जाणे.

१७ नोव्हेंबर, जळगाव

दिवाळीनंतरचा पहिला सामना केबलवर. शूटिंग हमीदचं. बिचारा लग्नांचा व्हिडिओवाला, हात त्याच वळणाचा. अमळनेरच्या मुलीने सूर मारून गडी टिपला आणि पडद्यावर तिच्याभोवती बदामाचा आकार, वरून गुलाबाच्या पाकळ्या. मागे सनई. दमून बसलेल्या पंचांवरही पाकळ्या पडल्या. विचारलं तर म्हणतो, "मशीनमध्ये तेवढेच इफेक्ट आहेत, चाचा."

पण माझा आवाज बरा वाटला. फार बरा. शेजारचे नाना खास घरी येऊन सांगून गेले. किराणावाल्याने सुटे पैसे न मागता दिले. सौ. म्हणाल्या, "‘साखळी मोडली’ म्हणता तेव्हा छान वाटतं." एकोणतीस वर्षांच्या संसारात पहिलं प्रमाणपत्र.

२८ नोव्हें., रवि., धुळे

आज साक्रीला अव्यक्त गटाचे सगळे सामने, एकाच दिवसात उरकले. मी जाणार होतो. निवड समितीलाही जीपमधून घेऊन जाणार होतो, सचिवांशी बोलणं झालं होतं. पण आजच धुळ्याला व्यक्त गटाची उपांत्य फेरी. शेठ म्हणाले, "शास्त्रीजी, तुमच्याशिवाय कॅसेट मुकी." जीप इकडेच आली. समिती इकडेच बसली. पहिल्या रांगेत, कारण कॅमेरा त्या बाजूला होता.

मी चांगला बोललो आज.

२ डिसें.

अक्काचं कार्ड. साक्री जिंकली. अंतिम सामन्यात मंगल एकटी सात मिनिटं पळत होती, शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. ‘बापू, गावातली माणसं पारावरून उठून आली होती. तू असतास तर बोलला असतास.’ पुढे एक ओळ लिहून खोडलेली. उजेडासमोर धरून पाहिली. ‘रस्त्याकडे बघत होती’, एवढंच लागलं.

८ डिसें., धुळे

खान्देश संघ जाहीर. बारा मुली, बाराही व्यक्त गटातल्या.

सचिवांकडे गेलो. म्हटलं, साक्रीची मंगल? गुणपत्रक पाहा, सात मिनिटं आहेत. म्हणाले, "असतील हो. पण समितीने पाहिलं नाही ते निवडायचं कसं?" मग हसून, "तुम्हीच तर नाव ठेवलंय. नावातच आलं सगळं."

नमस्कार करून बाहेर आलो. 

११ डिसें., जळगाव

बातमी लिहिली: विजेत्या साक्रीची एकही मुलगी संघात नाही. संपादकांनी वाचली, चष्मा काढला. "धनजीशेठची जाहिरात रोज आहे आपल्याकडे. आणि केबलवर तुम्हीच बोलता. वाचक काय म्हणतील?" परत दिली. मग मंडळाला पत्र लिहिलं. चार मसुदे. पहिल्या तिन्हींत टोमणे होते, फाडले. चौथ्यात फक्त काय झालं ते. गटाचं नाव माझं, तेही लिहिलं. रजिस्टरने पाठवलं.

२० डिसें., साक्री

मंगल घरी नव्हती. मैदानावर गेलो, तिथेही नाही. बाकीच्या मुली दोन ओळींत बसल्या होत्या, आठच. एका मुलीने ‘मंगलना मामा’ म्हणून ओळखलं. "ती टायपिंगले जास आते." आता टायपिंगला जाते. कधीपासून? यादी लागली त्या दिवसापासून.

संध्याकाळी आली. पाया पडली. बोटांना रिबिनीची शाई लागलेली. म्हटलं, मी पत्र लिहिलंय. "बरं." पुन्हा चाचणी घ्यायला लावतो. "बरं." मग मीच सांगून टाकलं, नाव मी ठेवलं होतं. थट्टेत.

"माले ठाऊक शे. सरनी सांगं."

"मग बोलली नाहीस?"

"तू टीव्हीवर बोलस ना मामा. मी धुळाले मावशीघर देखं. गोड बोलस." उठली, अक्काला भाजी निवडू लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या एसटीत अक्काने दिलेले शेंगदाण्याचे लाडू तसेच राहिले.

२९ डिसें., जळगाव

सचिव भेटले. पत्र पोचलंय. एक जागा रिकामी होतेय, अमळनेरची मुलगी पाय मुरगळून बसली. ९ जानेवारीला धुळ्याला चाचणी, अव्यक्त गटातल्या कोणीही यावं. सगळं तोंडी. "लेखी मागू नका, शास्त्रीबुवा, शेठना आवडणार नाही." अक्काला तार केली. मंगलला वेगळं कार्ड टाकलं, साधं, चाचणीची तारीख आणि वेळ एवढंच.

४ जानेवारी ९४

उत्तर नाही. साक्रीच्या सरांना फोन लावला, पोस्टातून, तासभर थांबून. म्हणाले, निरोप मीही दिला. सराव? "नाही हो, महिना होत आला. हलकी व्हायला महिना लागतो, जड व्हायला आठवडा पुरतो."

९ तारखेलाच जळगावला व्यक्त गटाचा अंतिम सामना. शेठचा माणूस दोनदा येऊन गेला, कोट घालून या म्हणाला. मी येणार नाही, असं त्याला सांगितलेलं नाही. सौ.नी विचारलं, "ठरलं का?" म्हटलं, मंगलचं कळू दे आधी. 

७ जाने.

आजही टपालात काही नाही. हमीदच्या हाती शेठना चिठ्ठी पाठवली: रविवारी येत नाही. दोन ओळींची, विशेषण एकही नाही. सकाळच्या गाडीने साक्रीला जातो, तिला घेऊन परवा धुळ्याला मैदानावर उभा राहतो. ती आली तर.

निवड होईल की नाही, याची मला काळजी नाही, असं गेले दोन दिवस स्वतःला सांगतोय. होईल, न होईल. मला भीती वेगळीच आहे. मंगलने खेळणं सोडलंय, आणि ते माझ्यामुळे. मी उद्या दारात उभा राहून चल म्हणेन, आणि ती ‘बरं’ म्हणून टायपिंगला जाईल.