नकाशावरचं तुझं बोट

तीर्थरूप डिंप्नाताईस, धाकट्या फिंटनचा गुडघा परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

इकडे मी, गाई आणि पाऊस, तिघंही ठीक. टोरांटोच्या थंडीत तुझी कंबर काय म्हणते? नातवंडांना माझे पापे. (थोरल्याला नको. त्याला आता मिशा फुटल्या असतील.)

पत्रास कारण तो एअरकोड, सरकारने घराघराला वेगळा चिकटवलेला तो पत्त्याचा कोड. मार्चात मी गोठ्यात घसरून पडलो आणि अ‍ॅम्ब्युलन्स सगळ्या लीट्रिम जिल्हाभर माझं घर शोधत हिंडली, कारण पत्ता मी आपल्या रीतीने सांगितला होता: दुधाच्या क्रीमरीवरून डावीकडे वळा, मग मॅकगोवनचं कुत्रं अंगावर येतं तिथून वर. (क्रीमरी पाडली, कुत्रं कधीच मेलं, यात माझा काय दोष?) तेव्हापासून तू एकच धोशा लावला आहेस, की मी घर सोडून गावात हॉस्पिटलशेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला जावं, आणि सप्टेंबरात स्वतः येऊन तू मला हलवणार आहेस. ताई, मला जायचं नाही गं. सकाळी खिडकीतून गाई दिसल्या नाहीत तर मी उठायचं तरी कशासाठी? पण तुझ्यापुढे बोलायची सोय आहे का? तोवरची व्यवस्था म्हणून तू टॅब्लेट पाठवलास, घरपोच खरेदीचं खातं उघडून दिलंस आणि तिकडे बसून नकाशावरच्या छपरावर बोट ठेवून आपला एअरकोड काढलास. तो मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजला लावला.

ते छप्पर आपलं नव्हे. पांढरं घर, लाल पत्र्याची शेड, खुणा सगळ्या बरोबर. पण ते टेकडीपलीकडचं अट्रॅक्टाचं घर. (पॅटची बायको. पॅट गेल्यापासून एकटीच असते.) शेजारच्या घराच्या कोडाचं आपल्या कोडाशी काडीचं नातं नसतं, त्यामुळे बघून चूक कळणार कशी? ती कळली तुझ्याच आग्रहाने मागवलेल्या लोकरीच्या लांब चड्ड्यांमुळे. अट्रॅक्टाचा फोन. "अरे फिंटन, या तुझ्याच ना? मी आपली उलगडून पाहिल्या. कंबर बघूनच म्हटलं, दुसरा कोण असणार!" धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आणायला गेलो, घेऊन लगेच परतणार होतो. तिने चहा विचारला, मी रीतसर नको म्हटलं. पुन्हा विचारला, पुन्हा नको. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, सोडा ब्रेडवर लोणी फासून बशी पुढे ठेवली.

मग मी किटली मागवली आणि सकाळपासून फाटकात उभा राहिलो. पार्सलची गाडी आली, मी दोन्ही हात हलवले, गाडी चालवणाऱ्या गोरेटी नावाच्या पोरीनेही छान हात हलवला आणि ती टेकडीपलीकडे निघून गेली! पेट्रोल पंपावर गाठून जाब विचारला तर म्हणते, "काका, तुमच्या नावाशी माझा काय संबंध? कोड नेईल तिकडे मी जाते." जुना गाडीवाला रस्ता चुकायचा, फोन करायचा, शेवटी आत येऊन तासभर बसायचा. आताच्यांना चुकायलाही येत नाही.

पुढे दिव्याचे बल्ब, सुतळीचं बंडल, बुटांची नाडी, सगळं तिकडेच गेलं. परवा अट्रॅक्टा म्हणाली, "आता हा उंदराचा सापळा? तुझ्याकडे उंदीर कधी झाले?" मी म्हटलं, होतील. तर दर वेळी टेकडी ओलांडून जायचं, दर वेळी चहा घ्यायचा, वर तिचं ऐकून घ्यायचं, या वयात हा मनस्ताप मला झेपत नाही. खात्याचा पासवर्ड तुझ्याकडे आहे. कोड दुरुस्त करशील का, ते कळव.

तुझा, पार्सलांनी गांजलेला,
फिंटन

ता. क. गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी फोन उचलला नाही म्हणून घाबरून तू पोलिसांना पाठवलंस. त्यांना तू तोच कोड दिलास. ते थेट अट्रॅक्टाकडे आले, आणि मी सापडलो: शेगडीपाशी पाय पसरलेले, पायांत पॅटच्या सपाता, तोंडात केक. त्यांनी तुला कळवलं, घरीच आहेत, ठणठणीत. मी काही त्यांची चूक काढली नाही.

ता. क. पुन्हा. इतकी वर्षं मी उभ्यानेच जेवत होतो, ताई. समोर कुणी बसलं की ब्रेडलाही चव येते, हे विसरलोच होतो. खात्यातला कोड आहे तोच राहू दे. आपल्या घराचा खरा कोड शोधून मी पुठ्ठ्यावर खाली लिहिला आहे, तो सकाळपुरता. संध्याकाळी काही झालं तर वरचा सांग. सप्टेंबरात ये, नक्की ये, पण फ्लॅट बघायला नको. आणि टॅक्सीवाल्याला वरचाच कोड दे. आम्ही चहाला थांबू.