खालच्या वस्तीचे दिवे

सोमवार, ४ तारीख
पोचलो बाई एकदाच्या! क्वार्टर ऐसपैस आहे, नळाला पाणीही आहे. आईचं ऑक्सिजनचं मशीन पलंगाशेजारी सुरू झालं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तिला त्याच्याशिवाय घटकाभरही निभत नाही. मागच्या गावी वीज गेली की मी सिलिंडरसाठी धावत सुटायचे. इथे वादळातही वीज टिकावी म्हणून सरकारने निधी दिलाय. गावाच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र बॅटरी मिळणार, आणि हे काम बघायला अस्मादिक! आई म्हणते, बाईसाहेब, आधी घरातला पंखा दुरुस्त करा.

बुधवार, ६
इथल्या जुन्या वायरमनना सगळे काका म्हणतात. माणूस कामाला वाघ, पण एक खूळ आहे. खालच्या वस्तीत पुरानंतर चिटपाखरू उरलेलं नाही, तरी अंधार पडायच्या आत तिथले रस्त्याचे दिवे लावतात. चाचणीसाठी आलेली पहिली बॅटरीसुद्धा त्यांनी परस्पर तिथेच जोडली! विचारलं तर म्हणाले, की पुरात बाकी गावाची वीज वाचवायला वस्तीची वीज त्यांनीच तोडली होती. अंधारात लोकांना वर यायची वाट सापडली नाही, सगळे बुडाले. आता त्यांना अंधारात ठेवलं तर जिथे उजेड दिसेल तिथे ते येतील. मला वाईट वाटलं आणि हसूही आलं.

सोमवार, ११
काकांना स्पष्ट सांगितलं, की निधी जिवंत माणसांसाठी आहे. वस्तीच्या तारा उतरवून घेतल्या आणि ती बॅटरी आमच्या क्वार्टरला जोडली. चाचणीही झाली, आईचीही सोय झाली, एका दगडात दोन पक्षी. काका चहा न घेताच उठून गेले.

गुरुवार, १४
वादळ. मुख्य लाईन पडली. सगळं गाव काळोखात, फक्त आमच्या घरात उजेड. खरं सांगते, छाती फुगली. आईसाठी मागवलेला ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर मात्र झाड पडल्यामुळे रस्त्यातच अडकलाय.

खालच्या बाजूने माणसं येताना दिसताहेत. रांगेने. फोन चार्ज करायला येत असतील बिचारी.

पाऊस अजून सुरूच झालेला नाही. मग ही सगळी निथळताहेत कशी?

गुरुवार, नंतर
काकांना फोन केला. ते ओरडलेच, पोरी, आधी दिवे घालव! वस्तीचे दिवे लावा म्हटलं तर म्हणाले, तारा कुठे ठेवल्यास? फोन कट झाला.

दिवे घालवले. मशीनच्या पडद्याचा हिरवा उजेड जात नाही. चादर टाकली तर मशीन तापून अडखळतंय— काढली. दारावर ओले तळवे आपटताहेत. खूप. लिहिलं नाही तर मी किंचाळेन.

आईने हात लांब करून स्वतःच मशीन बंद केलं. म्हणाली, त्यांना दिसतंय गं. राहू दे. तू तुझा जीव वाचव.

दार शांत झालं.

चाचपडत लिहितेय, ओळीवर ओळ येत असेल. आईचा श्वास घरघरतोय. लावलं तर ते— नाही लावलं तर आई—

तिची बोटं माझ्या मनगटावरून सैल पडली. खड्ड्यात गेले ते. माझी आई आहे ही. लावतेय.

लागलं. हिरवा उजेड. आईने श्वास घेतला, घेतला—

ते दाराबाहेर नाहीत. पलंगाच्या चारी बाजूंनी, खाली वाकून, सगळे आईच्या तोंडाकडे—

आई, माझा हात सोडू न—