एर्सिलियाला हरवण्याचा प्लॅन

२० ऑक्टोबर
मठाच्या शाळेतली एक दुपार आठवली. सिस्टर जपमाळ धरून डुलक्या घेत होत्या आणि आम्ही दोघी भरतकामाच्या कापडाखाली पट लपवून खेळत होतो. एर्सिलियाचे नऊ घेवडे, माझे नऊ चणे. तीन दाणे एका रेषेत आले की ‘जातं’ झालं. मग समोरचीचा एक दाणा उचलायचा. जिच्याकडे दोनच उरले, ती हरली. मी हरले आणि रडले. ती म्हणाली, “रडू नकोस गं इल्दे, उद्या तू जिंकशील.”

तो उद्या अजून यायचाय. आणि आता तिचा मुलगा रेन्झो तिला कायमची तोरिनो शहरात नेतोय. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरींवर शेवंती वाहून झाली की निघणार.

प्लॅन: त्याआधी तिला हरवायचं. आमच्या गावात हरलेल्याने “अजून एक डाव” म्हटलं की जिंकलेल्याला उठता येत नाही. आजवर मीच म्हणत आले. आता ती म्हणेल, म्हणतच राहील. हरून गाव सोडणाऱ्यातली ती नव्हे.

२१ ऑक्टोबर, सकाळ
कणीक मळायच्या पाटामागे पट कोरलेला आहे. दोन्ही बाजूंनी एकटीच खेळले. जिंकले. सुरुवात उत्तम.

२३ ऑक्टोबर
हरले. डोळ्यांवर ऊन येत होतं. आज ढगाळ होतं, पण ढगांचीही तिरीप येतेच.

२५ ऑक्टोबर
हरले. तिने डबल जातं लावलं. एकच घेवडा मागे-पुढे, आणि दर वेळी माझा एक चणा गायब. वर म्हणते, “आज सूपला चणे विकत आणायला नकोत.” अजून एक मागितला. हरले. अजून एक. “अगं बये, माझा पाव करपतोय!” म्हणाली, पण बसली. तोही हरले. पाव खरंच करपला. आतला बरा भाग दोघींनी खाल्ला.

२८ ऑक्टोबर
संकल्प: खेळताना बोलायचं नाही. तिने विचारलं, “चणे तोंडात भरलेस की काय?” मी उत्तर दिलं आणि तेवढ्यात तिचं जातं झालं. ही फसवणूक आहे.

३१ ऑक्टोबर
तिच्या खिडक्यांचे पडदे उतरवलेत. खोक्यावर पट ठेवून खेळलो. खोकं डुगडुगत होतं. हरले.

२ नोव्हेंबर
कबरींवर जाऊन आलो. मग शेवटची बैठक. रेन्झो गाडीत सामान भरत होता. माझं जातं झालं, मग दुसरं, मग तिच्याकडे दोनच घेवडे उरले. जिंकले! मी!

हात मांडीवर ठेवून वाट पाहिली.

तिने आपले घेवडे माझ्याकडे सरकवले. “म्हटलं होतं ना, जिंकशील,” असं म्हणून कोट घालू लागली.

“अगं, अजून एक माग ना!”

“नको गं. आता जीव शांत झाला.”

मीच मागितला असता. पण मागायचा हक्क हरलेलीचा. इतकी वर्षं तो माझ्याकडे होता, आज जिंकून घालवला.

३ नोव्हेंबर
लिहून ठेवते. मी मेल्यावर कणकेचा पाट एर्सिलियाला पाठवावा. घेवडे तिचेच, तिलाच द्यावेत. चणे आठच द्यावेत. नववा माझ्या एप्रनच्या खिशातच, माझ्यासोबत कबरीत राहू द्यावा. खेळायचं असेल तर मागायला येईल.